बसलेला सूर

गेल्या डिसेंबरात चिखलीच्या आत्याला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. तिचा फोन नोव्हेंबरातच आला होता. "मोठा कार्यक्रम काही नाही, वरण-बट्टी करायची, घरातलेच सगळे. तू गिटार घेऊन ये. तुम्ही दोघं भाऊ लहानपणी ओट्यावर बसून ते शोलेचं वाजवायचे ना, ते वाजव."

आता यात दोन चुका होत्या. एक म्हणजे ते 'आम्ही दोघं' वाजवत नव्हतो. वाजवायचा दादा, मी नुसता शेजारी बसायचो. आणि दुसरी म्हणजे आम्ही दोघं भाऊ... असो. हे आमचे बरेच नातेवाईक वाचतात, तेव्हा खामगावचं घर आणि पाच एकर हा विषय इथे नको. ज्यांना माहीत आहे त्यांना दोन्ही बाजू माहीत आहेत. (ज्यांना एकच माहीत आहे, त्यांनाही आपल्याला दोन्ही माहीत आहेत असंच वाटतं.) एवढंच सांगतो की सहा वर्षं मी आणि दादा फक्त लग्नाकार्यात भेटत होतो आणि तिथेही "जेवलास का?" "हो, तू?" याच्या पुढे गाडी जात नव्हती. मी बुलडाण्याला, तो खामगावला, मध्ये बोथ्याचं जंगल. २०१९ साली एक वाघ पार टिपेश्वरहून चालत चालत त्या जंगलात येऊन राहिला होता. आम्हाला मात्र पन्नास किलोमीटर जमेनात.

आत्याला मी "बघतो" म्हणालो.

गिटारचं थोडं सांगायला हवं. माझा जुना छंद आहे, सिनेमातल्या धुना एकट्या गिटारवर बसवायचा. गाणी नव्हे, धुना. फरक असा की गाण्याला शब्द असतात. मी गिटारवर एखादं गाणं अर्धमुर्धं वाजवलं तरी ऐकणारा मनातल्या मनात शब्द म्हणत असतो, माझं राहिलेलं तोच भरून काढतो. धुनेला ती सोय नाही. जे वाजलं तेवढंच. म्हणून धून बसवायला अवघड आणि म्हणूनच मला आवडते.

अमरावतीला होस्टेलवर असताना एका सीनियरकडून गिटार शिकलो. शिकलो म्हणजे कॉर्ड शिकलो, गॅदरिंगमध्ये कोणी गात असेल तर मागे खडखड करण्यापुरती. नोकरी लागून बुलडाण्याला आलो तर इथे गाणारं कोणीच नाही. मग एकट्याने काय वाजवायचं? त्या काळात कुठून तरी एक कॅसेट हाताला लागली, त्यात ती प्रसिद्ध स्पॅनिश 'रोमान्स' होती. जगातल्या अर्ध्या गिटार शिकणाऱ्यांनी ती वाजवलेली असते, मला तेव्हा पत्ताच नव्हता. 'फॉरबिडन गेम्स' नावाच्या १९५२ च्या फ्रेंच सिनेमात नार्सिसो येपेसने ती वाजवली आणि ती जगभर गेली. युद्धात आईबाप गेलेली एक लहान मुलगी, अख्खा सिनेमा, आणि मागे फक्त एक गिटार. ऑर्केस्ट्रा नाही, काही नाही. कॅसेट ऐकून मला पहिल्यांदा कळलं की एकटी गिटार पुरते.

पुरते, पण सहज पुरत नाही. गिटारला सहा तारा आणि वाजवणाऱ्याला कामाची चार बोटं. अंगठ्याकडे खर्ज, म्हणजे खालच्या जाड तीन तारा. बाकी बोटांकडे धून आणि मधलं भरण. डाव्या हाताची बोटं इथे अडकली की तिथे पोचत नाहीत. त्यामुळे बसवणं म्हणजे नव्वद टक्के टाकून देणं. साठ व्हायोलिन आहेत? टाका. ढोलक? अंगठ्याने जमेल तेवढी. बासरीची मींड? तारेवरून बोट घसरवून किंवा तार ओढून जेवढी येईल तेवढी. आणि सगळ्यात आधी पट्टी ठरवायची. ज्या पट्टीत खर्जाचे सूर मोकळ्या तारांवर मिळतात ती पट्टी घ्यायची, म्हणजे अंगठा मोकळी तार छेडतो आणि डावा हात धुनेसाठी सुटा राहतो. पट्टी चुकली की पुढचं सगळं चुकलं. हे मला समजायला तीन वर्षं लागली.

'कर्ज'ची (१९८०) धून त्या मानाने सोपी, कारण ती जन्मालाच गिटारवर आली. प्यारेलालजींचे धाकटे भाऊ गोरख शर्मा यांनी ती वाजवली होती. सिनेमात तर ती धून वाजवता वाजवताच हिरोला मागचा जन्म आठवतो. (मला ती वाजवताना फार तर गॅसवर ठेवलेलं दूध आठवतं.) 'बॉम्बे'ची (१९९५) धून बासरीची, तिच्यावर मी दोन वर्षं घालवली. जाड तार एक स्वर उतरवून तिचा नुसता 'घुंम्' चालू ठेवला आणि वर धून मोकळी सोडली, तेव्हा कुठे ती जरा उभी राहिली. 'सैराट' (२०१६) भाच्यांच्या हट्टापायी. अजय-अतुलनी हॉलिवूडमध्ये जाऊन केवढ्या वाद्यवृंदाकडून ते संगीत वाजवून घेतलं, आणि इकडे मी बुलडाण्यात कूलरच्या आवाजात सहा तारांवर. भाचे म्हणाले, "मामा, छान आहे, पण झिंग येत नाही." खरं होतं. काही गोष्टी टाकून द्यायच्या नसतात, हे तेव्हा कळलं. 'सैराट' सोडून दिलं.

बराचसा रियाज २००५-०६ च्या लोडशेडिंगमध्ये झालाय. संध्याकाळी लाइट गेली की करणार काय? अंधारात वाजवून वाजवून घर न बघता बोट बरोबर पडायला लागलं, हा महावितरणचा माझ्यावरचा उपकार. उन्हाळ्यात मात्र गिटार सांभाळणं म्हणजे बाळंतिणीला सांभाळण्यासारखं. इथल्या कोरड्या हवेत लाकूड सुकतं, तडकतं. खोक्यात साबणदाणीत ओला स्पंज ठेवायचा, दर दोन दिवसांनी भिजवायचा. माझी पहिली गिटार मी कूलरसमोर ठेवून फुगवली आणि मग एप्रिलात कपाटावर ठेवून तडकवली. असो, विषयांतर झालं.

तर शोले.

सिनेमा आला १५ ऑगस्ट १९७५ ला, तेव्हा मी तीन वर्षांचा. आम्ही पाहिला तो ८१-८२ साली, खामगावला परत लागला तेव्हा. सगळी पोरं गब्बरचे डायलॉग म्हणत घरी आली, दादा गप्प. त्याच्या डोक्यात अमिताभचा तो माउथऑर्गन बसला होता. रात्रीची वेळ, जय पायरीवर बसून वाजवतोय आणि वर हवेलीत राधा एकेक दिवा मालवत चाललीय. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत. पुढे कधीतरी शेगावला दर्शनाला गेलो तेव्हा मंदिराबाहेरच्या दुकानात दादाने माउथऑर्गन घ्यायला लावला. चोवीस घरांचा, हिरव्या डब्यातला. आण्णा त्याला 'बाजा' म्हणायचे. आण्णा जिनिंगमध्ये होते, रुईच्या धुळीने त्यांना खोकला असायचा. ते आत खाटेवर, आणि आम्ही बाहेर ओट्यावर. दादा वाजवायचा, कुणी न शिकवता. रोज रात्री. वर्षानुवर्षं.

तो माउथऑर्गन मुळात वाजवला भानू गुप्तांनी. गंमत म्हणजे हेच भानू गुप्ता आर. डी. बर्मनकडे वर्षानुवर्षं गिटारही वाजवायचे. एकाच माणसाकडे दोन्ही वाद्यं. आमच्या घरी ती दोघांत वाटली गेली. (या वाटणीवर मात्र कोणाचा आक्षेप नव्हता.) आणि आर. डी. स्वतः माउथऑर्गन वाजवायचे. 'दोस्ती'मधला (१९६४) माउथऑर्गन त्यांचा, संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल असूनही. दादाला हे सगळं पाठ असायचं. मी त्याच्याकडूनच ऐकलं.

इतकी वर्षं इतक्या धुना बसवल्या, पण ही कधी हाताळली नव्हती. का, ते विचारू नका. आत्याचा फोन आला आणि बसलो. कॉम्प्युटरवर तो प्रसंग लावायचा, थांबवायचा, सूर शोधायचा, वहीत लिहायचा, परत मागे. आठवडाभरात सूर सगळे मिळाले. पट्टी ठरली, जाड तार उतरवली, खर्ज बसला.

आणि तिथेच अडलं. माउथऑर्गनचा सूर श्वास आहे तोवर टिकतो, वाटलं तर वाढतोसुद्धा. गिटारचं उलटं. तार छेडली त्या क्षणाला आवाज सगळ्यात मोठा आणि तिथून तो फक्त विझत जातो. ही धून तर सगळी लांब सुरांची! मी एकच सूर भराभर छेडत ठेवून पाहिला, स्पॅनिश लोक करतात तसा. ऐकायला कोणीतरी सर्कशीत दोरीवरून चालतंय असं वाटलं. मग लांब सुराच्या खाली मधल्या तारांची झुळझुळ भरली. ते गोड झालं, फारच गोड. जय एकटा बसलाय आणि मागे मी लग्नाचं स्टेज लावलंय! खोडलं.

बायको आतून सगळं ऐकत होती. ती एरवी माझ्या गिटारवर बोलत नाही, तीस वर्षांत तिने पोटभर ऐकलंय. त्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुमचं बरोबर असेल, पण दादांचं असं नव्हतं."

"दादाचं कशाला? सिनेमातलं बघून लिहिलंय मी."

"तेच म्हणते. दादा तिथे थांबायचे. तुम्ही थांबतच नाही."

लग्नानंतरची पहिली काही वर्षं तिने खामगावला दादाचं ऐकलं होतं. मी गिटार बाजूला ठेवली आणि डोळे मिटून ओट्यावरची धून आठवली. खरंच! दुसऱ्या ओळीत उतरताना दादा एका सुरावर लांब थांबायचा, मग काहीच नाही, आणि मग पुढचं. सिनेमात तिथे आणखी एक सूर आहे आणि धून न थांबता पुढे जाते. शोले मी पंचवीस-तीस वेळा तरी पाहिला असेल. हा फरक मला एकदाही कळला नव्हता. पडद्यावर काहीही वाजो, माझे कान ओट्यावरचंच ऐकत होते.

मग दोन दिवस वहीत दोन ओळी. एक भानू गुप्तांची, एक दादाची. वाजवून बघितल्या. भानू गुप्तांची अर्थातच बरोबर होती. पण दादाच्या ओळीत ती रिकामी जागा कशासाठी होती ते कळेना. त्याने मुद्दाम केलं होतं? आण्णांचा खोकला यायचा म्हणून थांबायचा? आणि ती जागा नेमकी किती लांब होती? दोन मात्रा की चार? हे सांगू शकणारा माणूस जगात एकच होता.

रविवारी सकाळी फोन लावला.

"हॅलो, मी बोलतोय."

"हां. नंबर आहे तुझा."

"एक विचारायचं होतं."

तो गप्प. त्याला वाटलं असणार शेताचं. मी घाईघाईने म्हणालो, "शोलेचं. तू वाजवायचा ना, त्यात दुसऱ्या ओळीत तू एक सूर सोडायचा. का सोडायचा?"

बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग हसला तो. सहा वर्षांनी हसणं ऐकलं.

"अरे, सोडायले तो सूर होता कुठं? तूच नाही का बाजा हौदात टाकला, रंगपंचमीले? उन्हात वाळवला, फुंकून फुंकून पाणी काढलं, बाकीचे सूर आले. तेवढा एक बसला तो बसलाच. मग काय करतो? त्याच्या आधीचा लांबवायचो, अन् तेवढ्यात श्वास घेऊन घ्यायचो."

हौदाचं मला आठवत होतं, पण एवढंच की मी बाजा पिचकारीसारखा भरायला गेलो होतो. "पण नोकरी लागल्यावर तू नवा घेतला होता ना? त्यात तर सगळे सूर असतील."

"होते ना. पण तोंडाले सवय तीच. नव्यात तो सूर लावला की मलेच चुकल्यासारखं वाटे."

"आणि मला मार नाही पडला? आण्णांचे तेव्हा पैसे गेले असतील."

"तुले कायले पडते? मी सांगतलं माझ्याच हातून पडला म्हणून. दोन बसल्या मले."

हे मला माहीत नव्हतं.

पुढे बोलणं झालं ते असंच. त्याने वरचे चार दात काढलेत, त्यामुळे फुंकर बाजूने निसटते आणि वाजवणं बंद आहे. ती रिकामी जागा किती मात्रांची होती ते त्याला मोजून सांगता येईना, म्हणून त्याने फोनवर गुणगुणून दाखवलं. मी टेबलावर बोटाने मोजत होतो. साधारण साडेतीन. त्याचा दमच तेवढा असणार. आत्याकडे येणार का, ते मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. ठेवल्यावर पाहिलं, एकोणीस मिनिटं झाली होती.

लांब सुराचं कोडं मग दोन-तीन दिवसांत सुटलं. उपाय एवढासाच. तो सूर पहिल्या बारीक तारेवर न घेता दुसऱ्या तारेवर, वर दहाव्या घरात घ्यायचा. तिथे तो जाडसर, गोल लागतो आणि डाव्या बोटाने हलवत ठेवला तर जास्त टिकतो. आणि खर्जाची तार त्याच्याबरोबर न छेडता थोडी मागाहून छेडायची. वरचा सूर विझायला लागतो तेव्हा कान खालच्या खर्जाकडे वळतो आणि वरचा अजून चालूच आहे असं वाटत राहतं. मग दोन्ही तारांवर हात ठेवून आवाज बंद, साडेतीन मात्रा काहीही नाही.

हे 'काहीही नाही' वाजवायला फार जड जातं, खरं सांगतो. हात शिवशिवतात.

आत्याकडे अंगणात मांडव होता. बट्ट्या गोवऱ्यांवर भाजत होत्या, त्यामुळे निम्मं पब्लिक तिकडे. दादा दिसला नाही. वहिनी मुलीबरोबर आल्या होत्या, म्हणाल्या, "मागून येतो म्हणाले." मी आधी 'कर्ज' वाजवलं, मग 'बॉम्बे'. आत्या खुर्चीत बसून मान डोलवत होती. मग ती म्हणाली, "आता ते आपलं."

पहिली ओळ नीट गेली. दुसरी ओळ, उतरलो, तो लांब सूर लावला, खर्ज मागाहून छेडला, सूर विझला, हात तारांवर ठेवले. आणि माझ्या साडेतीन मात्रा पूर्ण व्हायच्या आत आत्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली! मग सगळ्यांनीच. संपलं म्हणून लोक उठायलासुद्धा लागले.

"थांबा, थांबा. संपलं नाही ते."

फाटकाजवळून आवाज आला. चपला पायातच, हातात हेल्मेट. कधी येऊन उभा राहिला होता कोण जाणे.

लोक बसले. मी कुठून सुरू करावं या विचारात, तर तो तिथूनच म्हणाला, "दुसऱ्या ओळीपासून घे." घेतलं. या वेळी त्या जागेवर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक चमचा पडला फक्त.

जेवताना तो माझ्या शेजारच्या पाटावर आला. बट्टी कुस्करून त्यावर तूप घेतलं, वरण घेतलं. घराबद्दल तो बोलला नाही, मीही नाही. तो विषय आहे तिथेच आहे आणि संक्रांतीनंतर बसू असं मोघम ठरलंय, त्यात काय होईल ते मला माहीत नाही. वरण दुसऱ्यांदा वाढून झाल्यावर म्हणाला, "चांगलं बसवलं. शेवटचा सूर लवकर सोडतो तू."

"गिटारवर टिकत नाही तो."

"हं." मग थोड्या वेळाने, "फेब्रुवारीत दात बसवून देणार आहे डॉक्टर. पट्टी कोणती धरली तू?"

मी सांगितली.

"मग माझ्या बाज्याशी नाही जमत. एक स्वर उतरवावा लागेल तुले."

गिटार चढवायची असेल तर सोपं असतं, दांड्यावर कॅपो लावला की झालं. उतरवायला तशी सोय नाही. सगळ्याच तारा एक स्वर ढिल्या केल्या तर खर्ज आधीच उतरवलेला, तो नुसता घरघरतो. मीच 'बॉम्बे'च्या वेळी करून पाहिलंय. म्हणजे नवी पट्टी, नवी बोटं, खर्ज नव्याने शोधायचा, आणि दहाव्या घरातला तो सूर आता तिथे राहणार नाही. सगळं पहिल्यापासून.

सध्या तेच चाललंय. निम्मं झालंय.